दादांच्या पाळीतला पूर

"जावईबापू, बाण हरवला."

सकाळची गडबडीची वेळ, मी ऑफिसला निघालेला, एका हातात हेल्मेट, आणि फोनवर माझे सासरे दावणीची गाय सुटून गेल्यासारख्या आवाजात बोलत होते.

"कसला बाण, दादा?"

"तो हो, पडद्यावर फिरतो तो. गेम उघडला की गायब, बंद केला की हजर."

"माउस हलवून बघितला?"

"हलवला, झटकला, फडक्यानं पुसला. पाठीवर थोपटूनसुद्धा बघितलं."

मी हसू दाबलं आणि हेल्मेट खाली ठेवलं. लोकांचे अडलेले संगणक सोडवायचे हाच माझा धंदा. पुण्यातल्या एका कंपनीत दिवसभर तेच करायचो आणि संध्याकाळी नातेवाइकांकडे फुकट तेच करायचो. बायको चिडायची, पण खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची. कुणाचा तरी प्रिंटर महिनाभर रुसलेला असावा, मी जाऊन दोन बटणं दाबावीत, त्यानं कुरकुर करत कागद बाहेर टाकावा आणि घरच्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघावं. त्या बघण्याची मला चटक लागली होती.

"दादा, गेमच्या सेटिंगमध्ये जा. कीबोर्डवरच्या बाणांनी खाली या. फुल स्क्रीन लिहिलंय, ते काढून टाका."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ते ओरडलेच, "सापडला! अहो, सापडला!"

मागून माझ्या सासूबाईंचा आवाज आला, "कोण सापडलं?"

"बाण."

"मग जेवायलाच थांबवा त्याला."

माझे सासरे एकनाथराव भणगे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. उभी नोकरी त्यांनी एका बंधाऱ्याच्या दरवाजांवर काढली. नदीला पाणी वाढलं की दरवाजे उचलायचे, ओसरलं की खाली सोडायचे. बंधाऱ्याच्या पायथ्याशी, नदीला अगदी लागून, कर्मचाऱ्यांची वसाहत होती. माझी बायको वैजयंती, म्हणजे वैजू, तिथेच वाढली. निवृत्तीनंतर दादांनी श्रीरामपुरात लहानसं घर बांधलं आणि दोघं तिथे राहायला आली.

आणि हा गेम मीच त्यांच्या गळ्यात मारला होता. मी कॉलेजात असताना नदीचा एक गेम निघाला होता. नदीकाठी गाव वसवायचं, कालवे खणायचे, बंधारा बांधायचा, आणि पावसाळ्यात पूर आला की वेळेवर दरवाजे उघडायचे. नाही उघडले तर गाव बुडालं. मी त्याच्यापायी एक विषय नापास झालो होतो. पुढे इतक्या वर्षांनी तोच गेम नवे रंग, नवा आवाज चढवून 'रीमास्टर' म्हणून पुन्हा बाजारात आला तेव्हा मी पहिल्या दिवशी घेतला. कालवे, दरवाजे बघून मला दादा आठवले, म्हणून दिवाळीला गेलो तेव्हा त्यांच्या संगणकावर चढवून दिला. "दादा, पुराकडे तेवढं लक्ष ठेवा," असं बजावलंही.

गेम मात्र घाईनं बाजारात आणलेला होता. आत ढिगानं चुका. कधी बाण हरवायचा, कधी आवाज चिरकायचा, कधी माणसं भिंतीतून चालत जायची. आणि गंमत म्हणजे, पूर यायचाच नाही. नदी बारा महिने एका रेषेत वाहायची. जगभरचे खेळणारे कंपनीच्या नावानं शंख करत होते आणि कंपनी एकेक चूक दुरुस्त करणारे पॅच काढत होती. दादांकडे नेट नावापुरतं होतं, म्हणून मी पॅच पेन ड्राइव्हवर घालून श्रीरामपूरला न्यायचो. दादांनी बाणाची तक्रार केली, आवाजाची केली. पूर येत नाही अशी तक्रार त्यांनी कधी केली नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी वेगळीच अडचण काढली.

"जावईबापू, ह्यात घरांवर पाट्या लावता येतात. पण मराठीत लिहिलं की नुसते चौकोन उमटतात."

"इंग्रजीत लिहा की."

"मला येतं हो इंग्रजी. हिला वाचता यायला पाहिजे."

हिला म्हणजे सासूबाईंना. त्या तेव्हा विसरायला लागून वर्ष होऊन गेलं होतं. आधी चष्मा, मग आमटीतलं मीठ, मग शेजारणीचं नाव. मला कधी ओळखायच्या, कधी नाही. पण नाही ओळखलं तरी पाण्याचा तांब्या आणून ठेवायच्या आणि बसा म्हणायच्या.

त्या चौकोनांनी मला दमवलं. शेवटी कोइमतूरच्या कुणा हौशी माणसानं आपल्या लिप्यांसाठी पदरमोड करून बनवलेला पॅच सापडला. तो बसवला तर अक्षरं उमटली, पण गेम जतन होईना. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की दादांनी संगणकावर स्वतःचं नाव मराठीत घातलंय, आणि त्या नावाच्या फोल्डरपाशी गेम अडखळतोय. मग मी मोठ्या हुशारीनं जतन करायची जागाच बदलली. डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर केलं आणि खेळ तिकडे वळवून दिला. दादा बाजूला बसून प्रत्येक टिचकीला मान डोलवत होते.

"झालं. लिहा आता."

त्यांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं: आवारी. पडद्यावरच्या एका घरावर पाटी लागली. मग पठाण ड्रायव्हर. मग साळवे सिस्टर. मग शाळा, पोस्ट, मारुती. मी बघत राहिलो. तोवर मला वाटलं होतं म्हातारा मन रमवायला कुठलंतरी गाव वसवतोय. ती त्यांची वसाहत होती. जशीच्या तशी, नदीला लागून, मधे लिंबाचं झाड ठेवून दोन ओळी क्वार्टर.

दिवे लागले. सासूबाई आतून पदर खोचत आल्या, चपला शोधायला लागल्या.

"चला, घरी जायचं. पोरगी शाळेतून आली असंल."

"आई, हेच घर की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि दाराची कडी काढली. दादांनी मला हातानंच थांबवलं. मला नंतर कळलं की हे रोजचं झालं होतं. दिवेलागण झाली की त्यांना घरी जायचं असायचं. अडवलं तर रडायच्या, चावायलासुद्धा धावायच्या. एकदा दादांचा डोळा चुकवून निघाल्या त्या एसटी स्टँडवर सापडल्या, बंधाऱ्याची गाडी कधी लागते असं विचारत.

"चल ना, जाऊ," दादा म्हणाले. "इथनंच जाऊ. बस इथं."

त्यांनी सासूबाईंना पडद्यासमोर बसवलं. चित्र मोठं केलं आणि हळूहळू रस्त्यानं पुढं नेलं. सासूबाईंनी डोळे बारीक केले.

"आवारी," त्यांनी वाचलं. "पठाण. साळवे सिस्टर. अगं बाई!" त्यांनी दादांचा हात धरला. "हे तर आपलं दार."

"आपलंच. जायचं ना आत?"

"थांबा, आवारीण काय करती बघू." आणि त्या चपला सोडून मांडी घालून बसल्या. पाऊण तास दोघं त्या वसाहतीतून फिरत होती. ह्या आवारीणबाईंनी लोणचं कसं बिघडवलं, पठाणांच्या पोराचं नाव कुणी ठेवलं, सगळं त्यांना आठवत होतं. आणि मधेच माझ्याकडे वळून त्या अभिमानानं म्हणाल्या, "नदी हाताच्या अंतरावर. पण आमच्या ह्यांच्या पाळीत वसाहतीत कधी पाणी नाही शिरलं. कुणालाबी विचारा."

"पुरे गं," दादा म्हणाले, पण चेहरा फुललेला होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती दोघं तशी घरी जायला लागली. सासूबाई दाराकडे धावेनात. रात्री शांत झोपायला लागल्या. वैजू मला म्हणाली की डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते तुझ्या चौकोनांनी केलं. मी आठवडाभर हवेत होतो.

एक खोट तेवढी राहिली होती. वसाहत वाढली तसा गेमला तिचा भार झेपेना. मधेच खटकन बंद पडायचा. पडदा निळा व्हायचा आणि सासूबाई "माझं घर कुठं गेलं" म्हणून हंबरडा फोडायच्या. दादा घाईघाईनं पुन्हा चालू करायचे, पण तोवर त्यांची समजूत काढता काढता जीव मेटाकुटीला यायचा. वैजू फोन ठेवून माझ्याकडे वळायची, "अरे, बघ ना काहीतरी. तुला येतं ना सगळं?"

त्या उन्हाळ्यात कंपनीनं मोठा पॅच काढला. गेम मधेच बंद पडणं थांबेल असं अगदी वरच लिहिलं होतं. खाली बाकीच्या दुरुस्त्या होत्या, शंभरएक तरी. पहिली ओळ वाचून माझं काम झालं. मुलाची परीक्षा होती म्हणून वैजू थांबली, मी एकटाच लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह घेऊन निघालो.

जावई आला म्हणून दादांनी स्वयंपाकाच्या ताईंकडून पुरणपोळ्या करून घेतल्या होत्या. दोन झाल्यावर मी ताटावर हात आडवा धरला.

"नको, दादा. खरंच नको."

"असं कसं? एक घ्या."

"नको हो, पोट फुटेल."

"अर्धी," म्हणत त्यांनी अख्खी टाकली आणि वर तुपाची धार धरली. मी खाल्ली. नको म्हणणं माझं काम, वाढणं त्यांचं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं.

हात धुऊन मी संगणकापुढे बसलो.

"दादा, आजचा पॅच मोठा आहे. ह्यानंतर गेम बंद पडायचा नाही."

"राहू द्या ओ. चालतंय की."

"चालतंय कुठं? आई रडतात म्हणे."

"रडती. पण परत लावला की गप बसती. तुम्ही दमून आलाय, पडा जरा."

"अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको, जावईबापू." ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "नदी गप आहे तोवर बरं चाललंय. कशाला डिवचायची?"

हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण मला वाटलं, म्हाताऱ्याला संकोच वाटतोय. जावयाला किती राबवायचं म्हणून मागे सरतोय. मी आताच ताटावर हात धरला होता, तसाच त्यांचा हा हात. मग मी त्यांना वाढायला लागलो.

"दादा, एवढं काय मनावर घेता? मी कशाला आलोय मग?"

"तसं नाही हो..."

"वैजू मला घरात घ्यायची नाही."

जावयाला तिसऱ्यांदा नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आपली वसाहत जाणार नाही ना?"

"आधी कॉपी काढून ठेवतो. काही झालं तर दोन मिनिटांत परत."

गेमचं फोल्डर मी माझ्या लॅपटॉपवर घेतलं. उघडून बघितलं नाही. रोज दहा ठिकाणी हेच करणारा माणूस कशाला उघडून बघेल? पॅच बसवला. गेम सुरू केला तेव्हा जुना खेळ नव्या पद्धतीत बदलत असल्याची सूचना आली आणि वसाहत उघडली. काय सुंदर चालत होती! लिंबाची पानं हलत होती, माणसं भिंतीतून न जाता दारातून जात होती. मी मुद्दाम चित्र गरागरा फिरवलं, लहान केलं, मोठं केलं. एकदाही अडकलं नाही.

"कसं काय, दादा?"

"झकास." ते पुढे वाकून नदीकडे बघत होते. "पाण्याचा रंग बदलला का हो?"

"चित्रं सुधारलीत त्यांनी."

"गढूळ दिसतंय."

"खरंखुरं वाटावं म्हणून."

त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला आत गेले.

दिवेलागणीला सासूबाई उठल्या, चपला शोधायला लागल्या. मला माझं काम दाखवायची हौस होती, म्हणून मी खुर्चीतून उठलोच नाही. सासूबाईंना बाजूच्या कॉटवर बसवलं. दादा माझ्यामागे उभे राहिले. मी बाण रस्त्यावरून पुढे नेला.

"आवारी," त्या वाचू लागल्या. "पठाण. साळवे सिस्टर..."

कुठूनतरी शिंग फुंकल्यासारखा आवाज झाला. मी त्या गेममध्ये इतक्या वर्षांत तो ऐकला नव्हता, आणि ऐकताक्षणी ओळखला. कॉलेजातल्या त्या सगळ्या रात्री ह्याच आवाजाला मी झटकन दरवाजे उघडायचो. पॅचच्या ज्या ओळी मी वाचल्या नव्हत्या, त्यांत पूरही दुरुस्त झाला होता.

"दादा, दरवाजे!" मी म्हणालो. "ह्याच्यात दरवाजे उघडायचं बटण कुठं आहे?"

"मी बांधलेच नाहीत," दादा म्हणाले. "लागलेच नाहीत ना कधी."

तपकिरी पाणी काठावरून आत आलं. मी बंधारा उभा करायला गेलो, जागा मिळेना. बांध घालायला गेलो, माणसं पळायला लागली होती, काम कोण करणार? पोस्ट गेलं. शाळा गेली. घरं पाण्यात बुडत होती आणि पाट्या तेवढ्या थोडा वेळ वर तरंगून एकेक करून विझत होत्या. मी खेळ थांबवायला गेलो, पण थांबेपर्यंत दुसरी ओळसुद्धा गेली होती आणि कोपऱ्यात 'जतन केले' अशी अक्षरं उमटली. ऋतू बदलला की हा गेम आपोआप, जुन्यावरच जतन होतो. तेही मला माहीत होतं.

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "आवारीणीची पोरं आत हायेत," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं ओरडल्या, "अहो, पोरं आत हायेत!"

"काही नाही, आई, काही नाही. कॉपी आहे माझ्याकडे."

मी लॅपटॉप उघडला. दुपारी घेतलेलं फोल्डर उघडलं. आत आवाजाची पातळी होती, पडद्याचा आकार होता, भाषा होती. खेळ नव्हता. मी खाली गेलो, वर गेलो, पुन्हा खाली गेलो. आणि मग मला डी ड्राइव्ह आठवला. काही महिन्यांपूर्वी मोठ्या हुशारीनं मीच खेळ तिकडे वळवला होता आणि मीच साफ विसरलो होतो. मी रिकामी जागा उचलून आणली होती. डी ड्राइव्हवर आता एकच वसाहत होती, बुडालेली.

"दादा," मी म्हणालो.

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं समजलं. ते क्षणभर डोळे मिटून उभे राहिले, एवढंच.

"तुम्ही कुठं होता?" सासूबाईंनी विचारलं.

त्या दादांना विचारत होत्या. कितीतरी महिन्यांत मी त्यांचे डोळे इतके स्वच्छ बघितले नव्हते.

"अहो, मी विचारते. तुमची पाळी होती. तुम्ही कुठं होता?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं असतं तर? एक वाक्य पुरलं असतं: आई, हे माझ्यामुळं झालं. त्यांना समजलं असतं की नाही देव जाणे, पण मला म्हणता आलं असतं. मी पडद्याकडे बघितलं.

"डोळा लागला गं माझा," दादा म्हणाले.

"डोळा लागला?"

"हां. चुकलं माझं."

त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याकडे तसं बघितलं नसेल. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी टेबलापाशी खुर्चीत बसलेलो, पुढ्यात यंत्र. आणि दादा बाजूला मान खाली घालून उभे. त्यांनी घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला.

"साहेब," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही की हे मला उद्देशून आहे.

"साहेब, एवढ्या बारीला पोटात घाला. माणूस वाईट नाही ओ. कधी चुकला नाही आजवर, कुणालाबी विचारा." त्यांनी हात जोडले. बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या, इतके ते हात बारीक झाले होते. "नोकरीवरनं काढू नका. पोरगी लहान हाय आमची. वैजू."

"आई, अहो, मी..."

"पाया पडते तुमच्या." आणि त्या खरंच वाकायला लागल्या.

मी खुर्चीतून उठून त्यांना धरलं. त्यांच्या खांद्यावरून मी दादांकडे बघितलं. दादांनी दोन्ही हात पुढं एकमेकांत धरले होते, वरिष्ठांपुढे धरावेत तसे. त्यांनी मला नुसती मान हलवली. म्हणून टाका, असंच जणू.

"नाही काढणार," मी म्हणालो.

"माफ केलं म्हणा. तोंडानं म्हणा."

"माफ केलं."

"त्यांना म्हणा."

मी दादांकडे तोंड केलं. "माफ केलं तुम्हाला," मी म्हणालो.

"उपकार झाले, साहेब," दादा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मग त्यांनी बायकोला हाताला धरून आत नेलं, आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला.

मी उशिरापर्यंत धडपडलो. पॅच काढला, जुना गेम पुन्हा चढवला. जुना गेम नव्या पद्धतीचा खेळ उघडेना. पुसलेलं परत आणणारी सगळी हत्यारं चालवली. सकाळी दादा चहा घेऊन आले तेव्हा मी तसाच बसलेला होतो.

"दादा, मी आजच्या आज पुन्हा बांधतो. तुम्ही सांगा, मी घरं उभी करतो. त्यांना कळणार नाही."

"बघू की," ते म्हणाले.

दुपारपर्यंत आम्ही बांधली. लिंबाचं झाड, दोन ओळी, पाट्या. ह्या वेळी दरवाजेही बांधले. संध्याकाळी सासूबाईंना आणून बसवलं. त्यांनी पहिली पाटी वाचली, दुसरी वाचली, आणि तोंड फिरवलं.

"हे दुसऱ्यांचं हाय. आपलं वाहून गेलं ना."

निघताना दादा मला स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडीत चढताना मी म्हणालो, "दादा, मी वैजूला सांगतो सगळं."

"कशाला सांगताय? तिला वाईट वाटंल. तुम्ही चांगल्यासाठीच केलं." त्यांनी माझी बॅग वर दिली. "आणि मीच कच खाल्ली. जरा ठणकावून नको म्हणायला पाहिजे होतं."

म्हणजे हीसुद्धा त्यांचीच चूक झाली. मी खिडकीतून हात हलवला आणि वैजूला काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.

पंधरवड्यानं वैजू फोन ठेवून हसत स्वयंपाकघरात आली.

"अरे, तुझा पॅच लागू पडला म्हणायचा! आई आता संध्याकाळी दाराकडे जातच नाही. घरी चला म्हणून एकदासुद्धा म्हणाली नाही. दादा म्हणाले, जावईबापूंची कमाल."

मी पोळी तोंडात घातली होती, ती तशीच राहिली. त्या कुठं जाणार होत्या? घर वाहून गेलं होतं त्यांचं.

त्यानंतर सासूबाई हळूहळू सगळंच विसरत गेल्या. आवारीण गेली, पठाण गेले, वैजूचं नाव गेलं. शेवटी शेवटी दादांना त्या कुणीतरी घरात कामाला आलेला माणूस समजत. मी पूर तेवढा विसरला जाण्याची वाट बघत होतो. देवाला हात जोडून मागितलंही. पण तो राहिला. आमच्या ह्यांच्या पाळीत पाणी कधी शिरलं नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

त्या होत्या तोवर मी जितक्यांदा श्रीरामपूरला गेलो, तितक्यांदा मला दारात बघितलं की त्या कॉटवरून उठायला धडपडायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या आणि हात जोडायच्या. वैजू म्हणायची, हिला तू कोण वाटतोस कोण जाणे. दादा तेवढ्यात माझ्यासाठी चहा घेऊन येऊन बाजूला उभे राहायचे. मी त्यांच्या हातून कप घ्यायचो, आणि त्यांना माफ करायचो.